पावडर नको, छर्रे कमी करा

लेक इथे विस्कॉन्सिनमध्ये हायस्कूलच्या ट्रॅप टीममध्ये आहे (ट्रॅप म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या). शाळेची बंदुकीची टीम असते हे पुण्यात सांगितलं की आत्याबाई अजून डोळे मोठे करतात, असो. तर आमच्या बेसमेंटमध्ये आता काडतुसं भरायचं मेकचं ६०० ज्युनियर मशीन आहे (कंपनी इथलीच, मेव्हिलची) आणि ते चालवते मी, कारण तिच्या बाबांना धीर नाही.

दुकानातलं १२ बोअरचं नेहमीचं टार्गेट लोड म्हणजे बरेचदा १ १/८ औंस, साधारण ३२ ग्रॅम छर्रे. एका राउंडला २५ बार, चार राउंड झाले की शंभर दणके खांद्यावर, आणि मग पोरगी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागते. वेग तोच ठेवून छर्रे ७/८ औंसावर, म्हणजे साधारण २५ ग्रॅमवर, आणले तर दणक्याची ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांनी उतरते, कारण ती वजनाच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने चालते. तबकडी फुटायची ती फुटतेच. ऑलिम्पिकमध्ये तर २४ ग्रॅमचंच काडतूस असतं, २००४ ला अथेन्समध्ये आपल्या राज्यवर्धनसिंग राठोडसाहेबांनी डबल ट्रॅपचं सिल्व्हर आणलं ते त्याच वजनावर.

आता खरी गोष्ट. हलकं काडतूस म्हटलं की पहिला विचार येतो पावडर कमी करायचा, तो डोक्यातून काढून टाका. पावडर नीट जळायला प्रेशर लागतं, ते चढलं नाही की ती अर्धवट जळते, बार फुसका जातो आणि कधीकधी वॅड (पावडर आणि छर्र्यांच्या मधला प्लास्टिकचा कप) बंदुकीच्या नळीतच अडकून बसतो. त्यावर पुढचा बार काढला तर नळी फुटू शकते. म्हणून आवाज जरा जरी वेगळा आला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं, स्क्वाडमधले खोळंबले तरी चालेल. छर्रे कमी आणि पावडर भरभर जळणारी, रेड डॉट किंवा क्लेजसारखी, असं ते गणित आहे. माप पावडर कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचं, आणि हल (काडतुसाचं रिकामं नळकांडं), प्रायमर (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी), वॅड, पावडर चारही त्यात लिहिलेत तेच, "हा वॅड पण तसाच दिसतो" हे चालत नाही. मशीनचं बुशिंग (पावडर मोजून टाकणारा भोकाचा तुकडा) किती पावडर टाकतंय तेही काट्यावर तोलून बघा, तक्त्यातल्यापेक्षा बरेचदा कमी पडते.

दुसरी कटकट क्रिंपची, म्हणजे काडतुसाचं तोंड घड्या घालून मिटवायची. छर्रे कमी झाले की हलमध्ये जागा उरते आणि तोंड आत खचतं. त्यासाठी ७/८ चा वेगळा वॅड मिळतो, त्याचे पाय उंच असतात, ती जागा तो भरून काढतो. हँडल खाली ओढलं की मोदकाच्या कळ्यांसारख्या आठ घड्या मिटतात, मधोमध भोक राहायला नको, नाहीतर ८ नंबरचे छर्रे, सव्वादोन मिलिमीटरचे, गळून बेसमेंटभर घरंगळतात आणि वर्षभर सॉक्सला टोचतात. शिसं आहे, हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम.

पैसे वाचतात का? थोडेफार. २५ पौंडांच्या छर्‍याच्या पिशवीत जिथे ३५५ काडतुसं व्हायची तिथे ४५७ होतात, पण मशीनचा खर्च निघेपर्यंत लेक कॉलेजात जाईल. आणि अमेरिकेतल्या एच-वन व्हिसावाल्यांनो, तुम्हाला बंदूकच काय काडतूस बाळगायलाही कायद्याने बंदी आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर, तेव्हा आधी वकिलाला विचारा.

पुढे पाऊण औंस करून बघायचंय, स्कीटवाले (तबकड्यांचाच दुसरा खेळ) २८ बोअरमध्ये तेवढ्यावरच सगळं फोडतात. फक्त लेकीची बंदूक गॅसवाली सेमी-ऑटो, म्हणजे बाराच्या गॅसच्या जोरावर रिकामं काडतूस स्वतःच बाहेर फेकणारी, इतकं हलकं काडतूस ती बाहेर फेकेल की अडकवेल काय माहीत, आधी दहा-पाचच भरणार.