हृदय सैल पडतं तेव्हाच जेवतं

परवा आईचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होती, मी शेजारीच स्टुलावर बसले होते आणि स्क्रीनवरून नजर हलेना. मायट्रल झडपेच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधल्या झडपेच्या, दोन पातळ पाकळ्या दिसत होत्या, त्या उघडतात, मग अर्धवट मिटल्यासारख्या होतात आणि पूर्ण मिटायच्या आधी परत एकदा उघडतात. मी आधी घाबरले, म्हटलं काही बिघाड आहे की काय, पण ते अगदी नॉर्मल असतं. पहिल्यांदा रक्त आपसूक खालच्या कप्प्यात उतरतं, आणि शेवटी वरचा कप्पा आकुंचन पावून उरलंसुरलं ढकलतो, त्याची ती दुसरी उघडझाप.

आपण लहानपणापासून ऐकतो ना की हृदय जन्मभर क्षणभरही विश्रांती घेत नाही, ते मला आता पटत नाही. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद मिळतात, त्यातले खालचे कप्पे आवळलेले असतात जेमतेम ०.३ सेकंद, बाकी ०.५ सेकंद ते सैलच असतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ विश्रांतीच झाली की!

आणि ही विश्रांती म्हणजे नुसतं बसून राहणं नाही. हृदय रक्ताने भरलेलं असतं खरं, पण आतलं रक्त त्याच्या जाड भिंतीला काही पुरत नाही, त्यासाठी त्याच्या स्वतःच्या वेगळ्या कोरोनरी रक्तवाहिन्या आहेत. त्या निघतात महारोहिणीच्या (हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य धमनी) अगदी सुरुवातीला, तिच्या झडपेच्या जरा वर. आता गंमत बघा, डावा खालचा कप्पा जोर लावून आवळतो तेव्हा त्याच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्यासुद्धा दाबल्या जातात, मग तिथे रक्त जाणार कसं? तो सैल पडला, महारोहिणीची झडप बंद झाली (लब-डबमधला 'डब' बराचसा हाच) की मग त्याच्या स्नायूला मुख्य पुरवठा सुरू होतो. अख्ख्या शरीराला मिनिटाला ५ लिटर वाढून झालं, की दोन ठोक्यांच्या मधे स्वतःचं जेवण. उजव्या बाजूला दाब कमी असतो, त्यामुळे तिकडे एवढी अडचण येत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते याच्या पुढचं. ठोके वाढले की आवळण्याचा वेळ थोडाच कमी होतो, कात्री लागते ती जास्त करून सैल पडण्याच्या वेळेला, म्हणजे काम वाढलं आणि जेवायची सुट्टी घटली. त्यात हृदयाचा स्नायू आरामातसुद्धा मिळालेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतो, त्यामुळे जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यायला पाहिजे, दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच. निरोगी वाहिन्या रुंद होऊन हे निभावून नेतात. वाहिनी अरुंद झालेली असेल तर बसल्याजागी काहीच जाणवत नाही आणि जिना चढताना मात्र छाती भरून येते, ते का, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

आईचा रिपोर्ट चांगला आला. रात्री ती झोपल्यावर हळूच तिच्या मनगटावर बोट ठेवलं, ६४ ठोके, आणि पहिल्यांदाच मी ठोके सोडून मधली जागा मोजत बसले.