एकाच नावाचे दोन पियानो

पियानोचे ट्यूनिंग आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्याने खरेदीपूर्वी वाद्य तपासून देण्याची विनंती अधूनमधून येते. त्यांपैकी वसईच्या एका शिक्षिकेसाठी केलेली तपासणी माझ्या विशेष लक्षात राहिली आहे. त्या घरी मुलांना शिकवतात. मुंबईतील एका दुकानात पाहिलेल्या अपराइट, म्हणजे उभ्या, पियानोंपैकी, सोनेरी अक्षरांत जर्मन वळणाचे नाव लिहिलेला एक नवा पियानो घेण्याचे त्यांनी जवळजवळ ठरवलेच होते.

"काका, किमतीत बसतोय आणि शिवाय जर्मन आहे," त्या म्हणाल्या. जुनी युरोपीय नावे विकत घेऊन ती दुसऱ्याच देशात बनलेल्या वाद्यांवर लावण्याचा प्रकार या धंद्यात नवा नाही, म्हणून मी नाव बाजूला ठेवून खालची फळी उघडली. उंची जेमतेम ११० सेंटिमीटर आणि साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा नाद मोठा करणारी लाकडी फळी, थर चिकटवून केलेला. असा साउंडबोर्ड दमट हवेत सहसा तडकत नाही, हा त्याचा गुण मान्य केलाच पाहिजे. मात्र उंची कमी असल्याने खर्जाच्या तारा आखूड होत्या, आणि आखूड, जाड तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराशी नीट जुळत नसल्यामुळे अगदी खालच्या पट्ट्यांवर नेमका कोणता स्वर वाजतो आहे, हेच कानाला उमगेना.

शेजारी जपानहून आलेले, वापरलेले दोन यामाहा यू-१ उभे होते. दोन्हींची उंची १२१ सेंटिमीटर, दोन्हींची काळी झिलई सारखीच. पियानोतल्या सुमारे २३० तारांचा एकत्रित ताण कित्येक टन असतो आणि तो पेलणाऱ्या ट्यूनिंग पिना, म्हणजे तारा गुंडाळलेल्या खुंट्या, पिनब्लॉक नावाच्या लाकडी ठोकळ्यात केवळ घर्षणाने धरलेल्या असतात; म्हणून मी प्रत्येक सप्तकातल्या काही पिना किल्लीने फिरवून पाहिल्या. पहिल्या वाद्यात त्या जराही प्रतिकार न करता फिरल्या, आणि लावलेला स्वर चार-पाच जोरकस आघातांत उतरला. दुसऱ्यात त्या घट्ट होत्या, तारांवर आघात करणाऱ्या हॅमरवर तारांचे वळ उथळ होते, म्हणजे झीज कमी होती; फक्त पट्ट्यांखालचे फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे थर, कसरीने खाल्ले होते.

खरे तर समुद्राजवळच्या घरासाठी मी नवा कावाई के-३०० सुचवला असता, कारण त्याच्या यंत्रणेतील अनेक भाग कार्बनमिश्रित प्लॅस्टिकचे असल्याने पावसाळ्यात लाकडासारखे फुगत नाहीत. पण तो त्यांच्या आवाक्याबाहेर होता, आणि कर्ज काढून पियानो घ्यावा असे मला कधीच वाटत नाही.

दुकानदाराने फेल्ट बदलून देण्याचे मान्य केल्यावर दुसरा यू-१ ठरला. पश्चिमेकडून पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला तो लावू नये आणि नव्या हवेत काही आठवडे मुरल्याशिवाय मला ट्यूनिंगला बोलावू नये, असे मी त्यांना बजावून सांगितले.