वावरातल्या कमरेला कोणता योग?

कापूस वेचणाऱ्या बाईचे शरीर दिवसभर कसे वापरले जाते, ते एकदा जवळून पाहावे. कमरेला फडके बांधलेले, वेचलेल्या कापसाचा भार पोटाशी वाढत चाललेला, पाठ पुढे वाकलेली, मान खाली आणि बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरबाडलेली, अशा अवस्थेत आमचे दिवाळीपासून पुढचे दोन-तीन महिने जातात. दोन वर्षांपूर्वी माझी कंबर दुखू लागली, तेव्हा मोबाईलवर पाहून मी पहाटे भराभर सूर्यनमस्कार घालायला सुरुवात केली. बारा नमस्कारांत चोवीस वेळा कमरेतून पुढे वाकावे लागते, हा हिशेब मात्र केला नाही. आठव्या दिवशी अंथरुणावरून उठायला मला जाऊबाईंचा हात धरावा लागला.

दोष सूर्यनमस्कारांचा नव्हता. दिवसभर वाकलेल्या पाठीला आणखी वाकवण्याची माझी निवड चुकली होती. डॉक्टरांनी काही आठवडे पुढे वाकणे बंद करायला सांगितले, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत मी योगाच्या निरनिराळ्या पद्धतींविषयी वाचत गेले.

सर्वांत नवल वाटले ते म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांचे. १९३०च्या दशकात ते तिथल्या राजवाड्यात तरुण मुलांना शिकवत. त्यांचे शिष्य पट्टाभी जोईस यांनी पुढे रुजवलेल्या अष्टांग विन्यासात आसनांचा क्रम ठरलेला असतो आणि श्वासागणिक हालचाल होत राहते. अंगात रग असलेल्याने ते जरूर करावे. दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार हे कृष्णमाचार्यांचे मेहुणे. लहानपणी क्षयाने खंगलेल्या या मुलाने पुढे पुण्यात राहून जी पद्धत घडवली, तिच्यात एकेका आसनात स्थिर थांबणे असते आणि दोर, पट्टा, खुर्ची, लाकडी ठोकळे यांचा आधार घेण्यात कमीपणा मानला जात नाही. गुरू एकच, पण शरीरे वेगळी, म्हणून रीतीही वेगळ्या झाल्या, असे मला वाटते. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढीच केली आहे, आणि त्यातले सुख मी आठ दिवस विसरूनच गेले होते.

माझ्या कमरेला आधाराची पद्धत मानवली. साधने विकत आणली नाहीत. पाठीवर झोपून पोटऱ्या बाजेवर ठेवल्या की कमरेखालची पोकळी हळूहळू जमिनीला टेकते. वेचणीहून आल्यावर दहा मिनिटे मी तशीच पडून राहते. दुखणे ओसरल्यावर जुन्या गोधडीची गुंडाळी पाठीखाली आडवी घेऊन छाती उघडू लागले, कारण दिवसभर आवळली जाते ती छातीच. खोली चाळीस अंशांपर्यंत तापवून केला जाणारा योगही शहरांत शिकवतात म्हणे. आमच्याकडे मे महिन्यात त्यासाठी फी भरावी लागणार नाही.

एकटीने नियम टिकत नसेल, तर जनार्दन स्वामींनी नागपुरातून पसरवलेली सांघिक आसने विदर्भात अनेक ठिकाणी विनामूल्य शिकवली जातात. आज्ञेबरोबर सगळ्यांनी एकदम आसन करायचे असल्यामुळे कंटाळा करायला वाव राहत नाही. मला स्वतःला मात्र घाई नसलेली ओसरीच बरी वाटते.

सासूबाईंच्या गुडघ्यांना यातले काहीच जमण्यासारखे नव्हते. त्यांच्यासाठी मी मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या पवनमुक्तासन मालिकेतला सुरुवातीचा भाग निवडला. पाय पसरून बसायचे आणि पायाच्या बोटांपासून एकेक सांधा हलवत वर यायचे, एवढेच त्यात आहे. पहिल्या दिवशी घोटे फिरवून झाल्यावर त्या म्हणाल्या, “हे तं मी तूर निवडता निवडताही करू शकतो.” आता सुपात तूर असते आणि पुढे पसरलेले दोन पाय घोट्यांतून सावकाश फिरत असतात.