दिसते, लिहिलेले आहे, सांगतात

शताब्दी समितीने शाळेच्या आठवणी लिहून मागितल्या, तेव्हा पहिली पाटी, गळकी कौले आणि मधल्या सुट्टीतील करवंदे यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच असे गृहीत धरून मी एकाच गोष्टीपुरते लिहायचे ठरवले. ती गोष्ट म्हणजे आमचा चौथीचा इतिहासाचा तास. जून १९८१ ते एप्रिल १९८२ हे आमचे चौथीचे वर्ष होते आणि वर्गात आम्ही सतरा जण होतो. मी स्वतः गेली बत्तीस वर्षे राजापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका असल्यामुळे त्या तासाकडे आता विद्यार्थिनी म्हणून पाहणे मला पुरते जमत नाही, हेही आधीच सांगून टाकते.

महाराष्ट्रात चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपतींचे चरित्र. तोरणा, प्रतापगड, पुरंदर, कोंढाणा ही नावे आम्हाला तोंडपाठ होती. पण आमच्यापैकी एकानेही घाट चढून यातला एकही गड पाहिलेला नव्हता. उलट ज्यांच्याकडून आम्ही ही नावे शिकलो, ते आमचे गुरुजी घाटावरचे, साताऱ्याकडचे होते. ते सगळे गड त्यांनी पायी पालथे घातले होते, मात्र नोकरीत रुजू होण्याच्या दिवसापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. गावात त्यांना पाठीमागे 'घाटी मास्तर' म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला शाळेच्या पडवीत उभे करून समोर पाण्यात दिसणारा तट दाखवला आणि विचारले, "हा कोणता किल्ला?" सिंधुदुर्ग, असे आम्ही एका सुरात ओरडलो. "कधी बांधला?" यावर मात्र सगळे गप्प. रोज दात घासताना दिसणारा किल्ला कधीतरी बांधलेला असेल, हेच आमच्या डोक्यात आले नव्हते. डोंगर जसा असतो तसा तो होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सुंभाचे एक लांब वेटोळे आणले. आमच्या किनाऱ्यावर सुंभ वळण्याचे काम घरोघर चाले, त्यामुळे दोरी कोणाच्या घरची होती ते मला आता आठवत नाही. एक वीत म्हणजे दहा वर्षे, असा त्यांनी हिशेब घातला आणि पडवीच्या एका टोकाच्या खांबाला गाठ मारून 'आज, १९८१' असे लिहिलेला कागद अडकवला. मग आम्ही एकेकाने पुढे येऊन वीत मोजायची. पहिल्या दोन विती संपून जेमतेम पुढे गेलो तोच १ मे १९६०, म्हणजे महाराष्ट्र राज्य, आले. साडेतीन वितींच्या आत १९४७ आले. माझी आजी तेव्हा साठीची होती, म्हणून सहाव्या वितीला आजीच्या जन्माची गाठ पडली आणि ती भारत स्वतंत्र होण्याच्या पुष्कळ मागे पडल्याचे पाहून मला काहीशी भीतीच वाटली. पुढे दोरी चालतच राहिली. बत्तिसाव्या वितीच्या आसपास, पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला, गुरुजींनी २५ नोव्हेंबर १६६४ ही सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची गाठ मारली. तिथून एक वीत अलीकडे आले की १६७४, रायगडावरचा राज्याभिषेक. ज्या पुस्तकाला आम्ही 'इतिहास' म्हणत होतो, ते सगळे त्या टोकाच्या चार-पाच वितींत मावत होते.

"मधी कायच नाय?" असे आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले. तो तांडेलाचा मुलगा होता आणि पुढे तोही समुद्रावरच गेला. १६८० पासून १९४७ पर्यंत जवळजवळ सत्तावीस विती सुंभ रिकामे होते. अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई असलेल्या शिक्षकाने 'ते पुढच्या इयत्तेत' असे म्हणून वेळ मारून नेली असती. मीही अनेकदा तेच केलेले आहे. गुरुजींनी वर्षभर त्या रिकाम्या जागेत गाठी मारल्या, आणि जमेल तेवढ्या आमच्याच किनाऱ्यावरच्या मारल्या. १७२९ मध्ये कान्होजी आंग्रे गेले. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला. १७६५ मध्ये त्यांनी समोरचा सिंधुदुर्ग घेऊन त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले, आणि ते नाव काही टिकले नाही, हे ऐकून आम्हाला अतिशय बरे वाटले. १९३० ची गाठ शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाची. मीठ उचलले म्हणून माणसांना मारतात, हे मिठागरे पाहिलेल्या आम्हा मुलांना समजावून सांगायला त्यांना पुरता एक तास लागला.

डिसेंबरात, समुद्र निवळल्यावर, सहल सिंधुदुर्गावर गेली. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसताना गुरुजींचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्यांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरून ठेवली होती. आम्हाला त्याचे हसू येत होते. तशाही अवस्थेत त्यांनी विचारले, "दार कुठे आहे, शोधा." तट समोर होता, बुरूज मोजता येत होते, पण दार दिसेना. होडी अगदी टेकत आली तेव्हा वळलेल्या दोन बुरुजांच्या आड लपलेला दरवाजा दिसला. किल्ल्याचे दार शत्रूला दिसू नये म्हणून असे बांधतात, हे वाक्य मी नंतर अनेक पुस्तकांत वाचले. पण आम्हाला ते होडीतच कळले होते, कारण आम्ही स्वतः ते दार शोधून थकलो होतो. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. गुरुजींनी आधी तटाखालचे समुद्राचे पाणी जिभेला लावायला सांगितले आणि मग विहिरीचे पाजले.

दरवाजाजवळच्या लहान घुमट्यांत चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा आहे. तो महाराजांचा म्हणून सगळे हात जोडतात, आम्हीही जोडले. परत आल्यावर गुरुजींनी फळ्यावर तीन रकाने आखले : 'दिसते', 'लिहिलेले आहे' आणि 'सांगतात'. किल्ल्यावरची एकेक गोष्ट आम्ही सांगायची आणि ती कोणत्या रकान्यात जाईल ते ठरवायचे. लपलेले दार, विहिरींचे गोडे पाणी 'दिसते' मध्ये गेले. पायाभरणीचे साल 'लिहिलेले आहे' मध्ये. किल्ल्याच्या पायात शिसे ओतल्याची गोष्ट कुठे घालावी यावर वाद झाला. गुरुजी म्हणाले की ती बखरीत येते, पण बखर किल्ला बांधून पुष्कळ वर्षे लोटल्यावर लिहिली गेली, म्हणून त्यांनी ती दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहिली. मग ठशाची पाळी आली. गुरुजींनी लिहिले : ठसा – दिसते. महाराजांचा – सांगतात.

मी घरी जाऊन सांगितले, "गुरुजी म्हणतात, तो ठसा महाराजांचा नाही."

माझे आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत हजर झाले. त्यांच्याबरोबर वाडीतले आणखी दोघे होते. "गुरुजी, पोरांका ह्यां काय शिकवतास? महाराजांचो हात तो महाराजांचोच," असे ते पडवीतूनच म्हणाले, आणि घाटावरून येऊन आमच्या किल्ल्याला नावे ठेवणाऱ्याविषयी बरोबरच्या दोघांनीही बरेच काही ऐकवले. मी बाकाखाली जाता येईल का ते पाहत होते. गुरुजींनी तिघांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि आजोबांना विचारले, "तुम्हाला हे कोणी सांगितले?" "माज्या आज्यान." "आणि त्यांना?" "तेच्या बापाशीन." गुरुजींनी फळ्यावर पिढ्या मोजल्या. मग आजोबांकडे वळून ते म्हणाले की ठसा खोटा आहे असे मी म्हटलेले नाही. तुमच्या घरात ही गोष्ट इतक्या पिढ्या सांगितली जाते, एवढे मुलांनी वहीत लिहावे अशी माझी इच्छा आहे. आजोबांचे समाधान झाले की नाही ते मला सांगता येणार नाही, पण ते चहा पिऊन गेले.

मला मार बसणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. त्याऐवजी गुरुजींनी सतरा जणांना पाट्या काढायला लावल्या आणि ठशाविषयी आपण काल नेमके काय बोललो ते आठवून लिहायला सांगितले. आम्ही लिहिले. त्यांनी सगळ्या पाट्या भिंतीशी ओळीने मांडल्या. दोघांनी बरोबर लिहिले होते. चौघांचे माझ्यासारखेच होते. एकाने 'ठसा महाराजांचा आहे असे गुरुजी म्हणाले' असे लिहिले होते, दोघांनी शिशाची गोष्ट ठशात मिसळली होती, एकीने ठसा किल्ल्याचे बांधकाम पाहणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा करून टाकला होता आणि बाकीच्यांना काहीच आठवत नव्हते. "मी काल बोललो," गुरुजी म्हणाले, "तुम्ही समोर बसला होता." यापुढे ते काही बोलले नाहीत आणि आम्ही पाट्या पुसल्या.

त्या वर्षी इतिहास शाळेबाहेरही घडत होता. १ मे १९८१ रोजी आमचा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग झाला होता, पण शाळेचा शिक्का काही महिने जुनाच चालत राहिला, दाखल्यांवर 'जि. रत्नागिरी' खोडून गुरुजी हाताने नवीन नाव लिहीत आणि आम्हाला दाखवत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढच्या महिन्यांत वर्गातल्या पाच मुलांचे वडील गावी परतले आणि मनिऑर्डरी थांबल्या. गुरुजींनी दोरीच्या आजच्या टोकाला एक नवी गाठ मारली. तिच्यावर काय लिहायचे ते त्यांनी त्या पाचांना विचारले. एकाने 'बाबा घरी आले' असे लिहिले, आणि तो कागद तसाच राहिला.

शिक्षणशास्त्र पदविकेच्या अभ्यासात 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे, जवळून दूरकडे' हे सूत्र मी पाठ केले, तेव्हा मला सुंभ आठवले. माझ्या पहिल्या शाळेत मी मोठ्या उत्साहाने तो प्रयोग करायला गेले आणि तिसरीच्या मुलांनी १८१८ पर्यंत पोहोचण्याआधीच दोरीची रस्सीखेच केली. रकान्यांचा प्रयोग मात्र चांगला चालतो, असा माझा अनुभव आहे. शिवजन्माच्या तारखेपाशी मी तो दरवर्षी करते : जुन्या पुस्तकांत १६२७ हे साल आढळते, टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या सनवार नोंदींत, शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया आहे, आणि राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ मध्ये स्वीकारली. नऊ वर्षांच्या मुलांना हे झेपणार नाही, असे एका तपासणीत मला सुनावण्यात आले होते. मुलांना ते झेपते. एखाद्या मोठ्या माणसाचा जन्म कधी झाला यावरही शोध घ्यावा लागतो, याची त्यांना गंमत वाटते. सनावळ्या पाठ करून घेऊ नयेत हा हल्लीचा उपदेश मात्र मला पटत नाही. गुरुजी सनावळ्या पाठ करून घेत आणि चुकल्यास पुन्हा म्हणायला लावत. गाठी नसतील तर नुसती दोरी घेऊन मुलांनी करायचे काय?

स्मरणिकेच्या कामासाठी समितीने या मे महिन्यात जुनी जनरल रजिस्टरे काढली, तेव्हा मीही गेले होते. सुंभ कुठे सापडले नाही. १९७८ साली पहिलीत दाखल झालेल्यांचे पान मात्र मिळाले. त्या पानावरच्या आम्हा सतरा जणांपैकी अकरा जणांची जन्मतारीख १ जून आहे. माझीही १ जून १९७२ आहे, आणि तिच्यावरूनच मी ३१ मे २०३० रोजी निवृत्त होणार आहे. माझी आजी मरेपर्यंत सांगत असे की माझा जन्म नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी झाला आणि त्या दिवशी होड्या पहिल्यांदा पाण्यात गेल्या होत्या. नारळी पौर्णिमा काही जूनमध्ये येत नाही. पण ऑगस्टची तारीख धरली असती तर माझे वय भरले नसते आणि प्रवेश पुढच्या वर्षावर गेला असता. रजिस्टरमधले त्या रकान्यातले अक्षर मी लगेच ओळखले. ते गुरुजींचे आहे.