बिजेची सुकती

मुलांना घेऊन काहीही बघायला जायचं, तर त्या बघायच्या गोष्टीने आपली वाट बघत ताटकळत बसायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. किल्ले बिचारे बसतात. धबधबे बसतात. देवळं दुपारची बंद झाली तरी चारला पुन्हा उघडतात. कुणाची एक चप्पल सापडत नसते, कुणाला नेमकी गाडीत बसल्यावर शू लागते, पण जागा काही उठून कुठे जात नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट मात्र जाते. दिवसातून दोनदा समुद्र ती पोटात घेतो आणि दोनदा परत देतो. त्या वेळा ठरवताना आमच्या चपलांचा विचार झालेला नाही.

रायगड जिल्ह्याच्या टोकाला, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे डोंगराचं एक नाक पाण्यात शिरलंय. नदीपलीकडे बाणकोट, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी कालभैरव आणि हरिहरेश्वराची देवळं. पेशव्यांचं हे कुलदैवत, आणि त्यांचं मूळ गाव श्रीवर्धन इथून जवळच. पण माझ्या मुलांना पेशवे आणि देव या दोन्ही विषयांत सकाळी सहा वाजता रस नव्हता. त्यांना 'समुद्र बाजूला होतो तिथे' जायचं होतं. देवळाच्या बाजूने पायऱ्या चढायच्या, डोंगराची खांद ओलांडायची, मग दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरायचं, की आपण थेट खडकाच्या एका प्रचंड फरशीवर येतो. डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या. त्या फरशीवरून वळसा घालत चालत राहिलं की पलीकडे वाळूची पुळण लागते. हे सगळं ओहोटी असेल तर. नसेल तर लाटा थेट कड्यावर येऊन फुटतात आणि वाट म्हणून काही उरतच नाही. इथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि पावसाळ्यात तर या वाटेचं नावही काढू नये.

तेव्हा निघायचं कधी, हा प्रश्न महत्त्वाचा. मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात, त्या मी पाहून ठेवल्या होत्या. पण आदल्या संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांना विचारलं, तर त्यांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवलं. "उद्या बीज. म्हणजे दीडला पाणी भरणार. साडेसातला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. उजाडलं की उतरा, नि साडेआठच्या आत पुळणीवर या. त्या पोराचा हात सोडू नका." मोबाइल जे सांगत होता ते आणि हे यात दहा-पंधरा मिनिटांचा फरक होता.

थोरलीने लगेच विचारलं, "काका, तुम्ही कसं काढलंत?"

काका म्हणाले, "पाऊणकी येते का?"

अर्थातच येत नव्हती. पावकी, निमकी, पाऊणकी ही पाठांतरं आमच्या आधीच्या पिढीबरोबर गेली. काकांनी ओटीवर बसून म्हणून दाखवली: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. तिथीला पाऊणने गुणायचं, की त्या दिवशी भरती किती वाजता पूर्ण होणार ते आलं. बीज, दोन पाऊण दीड. अष्टमी, आठ पाऊण सहा. एकदा दुपारच्या बाजूला, एकदा रात्रीच्या. सहा तास मागे-पुढे केले की सुकती. पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या पट्ट्यात हे गणित चालतं. दुसऱ्या किनाऱ्यावर नेलं तर चालणार नाही, कारण भरती कुठे किती वाजता पोचते हे तळाच्या आणि किनाऱ्याच्या ठेवणीवर ठरतं. पण इथे मच्छीमार, होडीवाले, खडकावरची कालवं फोडायला जाणाऱ्या बायका, सगळ्यांचं घड्याळ या गुणाकारावर चालत आलंय.

थोरली वही घेऊन बसली. तिने पौर्णिमा काढली: पंधरा पाऊण सव्वाअकरा. मग प्रतिपदा: एक पाऊण पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. आणि तिथे ती अडली. रोज भरती ४५ मिनिटांनी पुढे सरकते म्हणता, तर पौर्णिमेच्या सव्वाअकरावरून दुसऱ्या दिवशी एकदम पाऊण कसा वाजला? हा तर दीड तास झाला. मधली ४५ मिनिटं कुठून आली?

हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. काका हसले आणि आत गेले. आम्ही दोघींनी कागदावर मांडून पाहिलं. एका पंधरवड्यात, म्हणजे पंधरा तिथींत, भरतीला बारा तासांचा फेरा पुरा करायचा असतो. तेव्हाच दुपारची रात्री आणि रात्रीची दुपारी होते आणि गाडी मूळ जागी येते. बारा तास भागिले पंधरा, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणकी मोजते ४५च. तोंडी हिशेबाला सोपं म्हणून दर तिथीला तीन मिनिटं उधारीवर टाकायची. पंधरा त्रिक पंचेचाळीस. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायला लागलं की ती सगळी उधारी एका फटक्यात चुकती होते. म्हणून पौर्णिमेच्या सुमाराला काकांचं गणित थोडं अलीकडची वेळ सांगतं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा बसवलं त्याला ही तीन मिनिटं माहीत असणार, अशी माझी खात्री आहे. होडी काढायला तीन मिनिटांनी काय बिघडतं?

बीज आम्ही निवडली होती ती सुट्टीमुळे, पण निघाली मुलांना घेऊन जायला सगळ्यांत सोयीची. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, आणि उधाण येतं. पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. मात्र समुद्राला चंद्राचं म्हणणं कळायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांत खोल ओहोटी पौर्णिमा उलटून एक-दोन दिवसांनी मिळते. प्रत्यक्ष पौर्णिमेला सुकती येते ती पहाटे अंधारात किंवा संध्याकाळी, म्हणजे पाणी फिरायला आणि उजेड संपायला एकच वेळ. अष्टमीला सुकती भर दुपारी बारा वाजता, खडक तापलेला, आणि भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस असल्यामुळे पाणीही अर्धवटच मागे गेलेलं. बिजेला खोल ओहोटी, सकाळचं ऊन आणि मुलांचा ताजा मूड हे तिन्ही एकत्र सापडतात.

तर उजाडता उजाडता उतरलो. फटीतून बाहेर पडल्यावर धाकट्याने पहिला प्रश्न केला, "मग समुद्र आत्ता कुठे आहे?" समोर तर दिसत होता. त्याला विचारायचं होतं की इथलं पाणी आत्ता कुणाकडे आहे. चेष्टेत विचारलेला नव्हता, आणि प्रश्न बरोबर होता, कारण इथून गेलेलं पाणी कुठेतरी चढलेलं असतंच. मी म्हटलं, "लांब दुसऱ्या समुद्रात." तो त्या उत्तरावर समाधानी दिसला. आपल्याकडचा खेळ दुसऱ्याला थोडा वेळ द्यायचा आणि मग परत घ्यायचा, हा व्यवहार त्याच्या ओळखीचा आहे.

थोरलीला फरशी बघून भूगोलाचं पुस्तक आठवलं. "आई, हाच तो तरंगघर्षित मंच!" तिने तो शब्द एका दमात म्हटला. हा सगळा बेसॉल्ट, दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरला त्यातला. लाटांनी डोंगराचा पाय कापत कापत कडा मागे रेटत नेला आणि कापलेल्या जागी ही सपाट फरशी मागे राहिली. मी साडेसहा कोटी म्हणाले तेव्हा धाकट्याने "म्हणजे आजोबांच्या आधी?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेला. या वयाच्या मुलांपुढे कोटी हा आकडा काढूच नये, असं माझं मत होत चाललंय. काल रात्री तीन मिनिटांवर अर्धा तास घालवणारी थोरलीसुद्धा कोटींवर दोन सेकंद थांबली नाही. मोजता येईल तेवढाच काळ त्यांना खरा वाटतो, आणि मलाही कुठे त्याहून जास्त वाटतो?

पण कड्याच्या अंगाला जाळी होती, तिथे दोघंही थांबली. माणसाच्या उंचीवर आणि त्याहून वर, खडकाला भोकं पडलेली. काही रुपयाच्या नाण्याएवढी, काहींत आख्खी मूठ जाईल एवढी, एकमेकांना खेटून, मध्ये बोटाच्या पेराएवढ्या पातळ भिंती. पुस्तकांत याला मधाच्या पोळ्याची उपमा देतात. धाकटा म्हणाला, "घावन!" आणि ते जास्त बरोबर होतं, कारण पोळ्याची घरं सारखी असतात आणि ही नव्हती. त्याने एका भोकात हात घातला, आत चिकटून बसलेल्या बारक्या काळ्या गोगलगायी मोजल्या. मग, मी बघत असतानाच, भिंत चाटली.

"खारट!"

मला ओरडायचं होतं, पण त्याने अख्ख्या जाळीचं कारण जिभेने शोधून काढलं होतं. लाटांचे तुषार उडतात, खारं पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतं. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. मिठाचे खडे वाढायला जागा मागतात आणि खडकाचे कण एकेक करून सुटे करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल आणि मीठ जास्त वेळ टिकतं, म्हणून तो आणखी खोल जातो, आणि शेजारची भिंत शिल्लक राहते. म्हणजे ही जाळी कोरण्यात लाटेच्या धडकेपेक्षा वाळण्याचा वाटा मोठा. थोरलीनेही मग चाटून पाहिलं. शेवटी मीही. मागून एक जोडपं प्रदक्षिणा घालत येत होतं, त्यांनी आम्हाला वाट दिली आणि जरा जास्तच अंतर ठेवून गेलं.

फरशीतल्या खळग्यांत पाणी साचलेलं होतं. मोठी माणसं कड्याकडे मान वर करून बघतात, मुलं खळग्यांत खाली बघतात, आणि खाली बघण्यासारखं जास्त असतं हे मान्य करायला हवं. एका डबक्यात समुद्रफूल होतं, बोट लावलं की आक्रसून खडकाचा गुळगुळीत उंचवटा होऊन बसणारं. एक शंख तुरुतुरु चालत होता, म्हणजे आत छोटा खेकडा होता. असे खेकडे वाढले की अंगाला होईल असा रिकामा शंख शोधून त्यात राहायला जातात. धाकट्याला खिशात टाकण्याजोगा एक सुंदर शंख मिळाला होता. शंख न्यायचे नाहीत, कुणाला तरी घर लागेल, असं मी सांगितल्यावर त्याने तो डबक्यात परत ठेवला. मग मात्र दर दोन मिनिटांनी मागे जाऊन कुणी राहायला आलंय का ते बघायला लागला. त्यामुळे आमची प्रदक्षिणा काही पुढे सरकेना.

माझं एक डोळा घड्याळावर, एक पाण्यावर चाललं होतं. मुलांना दोनच नियम दिले होते. समुद्राकडे पाठ करायची नाही आणि हिरव्या खडकावर पाय ठेवायचा नाही, शेवाळ असतं. पाणी फिरतं तेव्हा घोषणा करत नाही. आधी लांबच्या एका खडकाचा पाय ओला होतो. मग ज्या डबक्याशी आपण मघाशी बसलो होतो त्यात एक बारीक ओघळ उतरतो, आणि डबक्यातलं सगळं एकदम जागं होतं. थोरलीच्या ते आधी लक्षात आलं. "आई, भरायला लागलं." आठ वाजायला आले होते. धाकट्याला उचललं आणि उरलेलं अंतर झपाझप काटलं.

पुळणीवर मात्र त्याला पुन्हा बसायचं होतं. ओल्या वाळूत नखाएवढ्या खेकड्यांनी बिळांभोवती वाळूच्या गोळ्या मांडून ठेवल्या होत्या, बिळापासून बाहेर गेलेल्या ओळींत. वाळूवरचं खाण्याजोगं तेवढं काढून घेऊन उरलेल्या वाळूची गोळी करून टाकायची, हे त्यांचं जेवण. दर सुकतीला नवा पसारा, दर भरतीला पुसलेला. आम्ही हललो की सगळे बिळात, स्तब्ध बसलो की पुन्हा बाहेर. आपला मुलगा इतका वेळ न हलता बसू शकतो, ही माहिती मला नवीन होती. वर्गशिक्षिकांना सांगितली तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

घरी परतल्यावर दोघं कालनिर्णयसमोर उभी राहिली. धाकट्याच्या वाढदिवसाला समुद्र बाजूला होणार का, हे काढायचं होतं. पानं उलटली. नेमकी अष्टमी. थोरलीने पाऊणकी लावून निकाल सांगितला: भरती सहाला, सुकती बाराला, आणि भांग असल्यामुळे पाणी धड जाणारही नाही. त्याने थोडा वेळ विचार केला. मग तिथी बदलता येते का, असं काकांना विचारून आला. येत नाही म्हटल्यावर पुन्हा कॅलेंडरपाशी गेला, बोटाने पुढच्या बिजेपर्यंतची घरं मोजली आणि म्हणाला, "मग केक त्या दिवशी कापू."