कॅन बावीस, ओपनर शून्य

गेल्या शनिवारी रात्री पावणेदोनला मी मेलो, आणि मेलो तेव्हा माझ्या घरातल्या कपाटात खाण्याचे २२ कॅन ओळीनं लावलेले होते आणि मी दोन दिवसांचा उपाशी होतो. कारण कॅन उघडायला ओपनर नव्हता. हसा. मावसभाऊ तर फोनवर एवढा हसला की त्याची बायको जागी झाली.

गेम म्हणजे प्रोजेक्ट झॉम्बॉइड. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, ९ जुलै १९९३, अमेरिकेतलं केंटकी राज्य, रोग पसरलाय, बाहेर सगळी मेलेली माणसं फिरतायत आणि तुम्ही एका घरात एकटे, अंगावर कपडे सोडले तर काही नाही. मिशन नाही, जिंकायची सोयच नाही, सुरू होतानाच स्क्रीनवर सांगून टाकतात की तू मेलास कसा त्याची ही गोष्ट आहे. मग दिवसभर करायचं काय तर लूट. लोकांना वाटतं झॉम्बीचा गेम म्हणजे धाडधाड गोळीबार, पण याच्यात निम्मा वेळ तुम्ही परक्यांच्या किचनचे ड्रॉवर उघडत असता. आणि बंदूक वाजवली की सगळी आळी गोळा होते, त्यामुळे ती असून नसल्यासारखीच.

आता माझी गंमत अशी की मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत स्टोअर्सला आहे. नऊ वर्षं झाली. दिवसभर माझं काम म्हणजे माल आत घेणं, जीआरएन म्हणजे आलेल्या मालाची पावती करणं, बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कार्डावर चढवणं आणि स्लिप असल्याशिवाय कुणाला हातमोजा सुद्धा न देणं. शॉपवाले मला कंजूष म्हणतात, म्हणू देत. पण तोच माणूस रात्री सिडकोतल्या आपल्या खोलीत बसून लोकांच्या खिडक्या फोडतो. मला वाटायचं मी या गेममध्ये जन्मतःच भारी असणार, कारण लूट म्हणजे शेवटी स्टोअर्सचंच काम ना, काय आणायचं, कुठं ठेवायचं, किती दिवस पुरेल.

घंटा. पहिले पाच-सहा वेळा तर आठवडा पण काढला नाही.

पहिली चूक सगळे करतात ती, जे दिसेल ते उचलणं. वजनाचा हिशोब आहे गेममध्ये, जास्त झालं की तुम्ही हळू होता, दमता, पाठ दुखायला लागते. पाठीवर बॅग लावली की आतल्या मालाचा भार कमी धरतात, म्हणून चांगली बॅग म्हणजे सोनं. शाळेच्या दप्तरापासून सुरुवात करायची, डफल मिळाली तर नशीब, आणि मिल्ट्रीवाली मिळाली तर त्या दिवशी झोपेत पण हसू येतं. पण मी काय करायचो, बॅग मिळाली की ती भरायचीच या हट्टानं डीव्हीडी, पाकिटं, साबण, पेन, एकदा तर चक्क टोस्टर. त्याला कंपनीत आम्ही नॉन-मुव्हिंग म्हणतो, रॅकवर बसलेला, जागा खाणारा, ज्याचं वर्षाच्या शेवटी ऑडिटर विचारतो की हे का घेतलं होतं आणि सगळे छताकडे बघतात.

दुसरी चूक खिडकी. दार बंद असलं की खिडकी फोडून आत जायचं हे बरोबर, पण फोडल्यावर चौकटीतली काच आधी काढायची असते, ती न काढता चढलात की हात कापतो, रक्त थांबत नाही, मग चादर फाडून पट्ट्या बांधत बसा. आणि काही घरांना अलार्म असतो. बाहेरून कळत नाही. एकदा गेममधल्या रोझवूड गावात एका छान दुमजली घरात शिरलो आणि तो भोंगा जो सुरू झाला, मी हेडफोनमध्येच दचकलो, खऱ्या कपातला चहा कीबोर्डवर. पळून जायचं सोडून मी विचार केला की आलोच आहे तर फ्रिज बघून घेऊ. फ्रिजमध्ये अर्धा कोबी होता. कोबीसाठी मेलो मी त्या दिवशी.

मग एक दिवस आईनं मला हा गेम शिकवला. खोटं नाही सांगत. आमच्याकडे नळ पहाटे येतो, आई पाणी भरायला उठली, माझ्या खोलीत लाईट दिसली म्हणून डोकावली. मी म्हटलं आता शिव्या, पण ती मागं उभी राहून बघायला लागली.

"कुणाचं घर आहे रे हे?"

"कुणाचं नाही गं, मेली सगळी."

"मग भांडी घे ना त्यांची. नुसते ड्रॉवर काय उघडतोस. आणि नळाला पाणी आहे का?"

"आहे अजून. कधीतरी जाणार."

"कधीतरी जाणार आणि तू बसलायस कपाटं धुंडाळत! भर की पातेली आधी."

आणि ती गेली, तिची कळशी भरायची राहिली होती. मी बघतच बसलो. कारण बरोबर आहे तिचं. गेममध्ये लाईट आणि पाणी दोन्ही जातात, डिफॉल्टला पहिल्या ३० दिवसांत कधीही, तारीख सांगत नाहीत. उद्या पण जाऊ शकतं. आणि मी पंधरा-पंधरा दिवस बॅट आणि कुऱ्हाडी गोळा करत होतो आणि पाणी गेलं की डबक्यावर पोट बिघडवून घ्यायचो. आता मी पहिल्या दिवशी घरातलं प्रत्येक पातेलं, बाटली, बादली, जे पाणी धरेल ते सगळं भरून ठेवतो. आईला हे कुणी शिकवलं नाही, उद्या पाणी येणार नाही असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला की अर्ध्या तासात आमच्या घरात चहाची भांडी पण भरलेली असतात.

लाईटचं पण तसंच. लोडशेडिंगच्या काळात आमच्याकडे सगळं वेळापत्रकावर चालायचं, लाईट जायच्या आत मिक्सर, लाईट जायच्या आत इस्त्री. झॉम्बॉइडमध्ये हेच. जोपर्यंत करंट आहे तोपर्यंत फ्रिजमधला नाशवंत माल आधी संपवा, मांस फ्रीझरमध्ये टाका, कॅनला हात लावू नका. जे आधी खराब होणार ते आधी काढायचं, स्टोअर्सचा पहिला धडा, तो मला स्वतःच्या पोटासाठी वापरायला इतके महिने लागले. टीव्ही पण चालू असेपर्यंत बघायचा, त्यावर सुतारकामाचे, स्वयंपाकाचे कार्यक्रम लागतात आणि ते बघून कॅरेक्टरला खरंच येतं काम, थोडे दिवसच असतात ते. त्या दिवसांत लुटीला बाहेर पडायचं का घरी बसून टीव्ही बघायचा यावर माझं आणि मावसभावाचं भांडण झालंय. तो बाहेर पडणारा आहे. सुतारकाम येत नसल्यानं पावसाचं पाणी साठवायचं पिंप त्याला कधी बनवता आलेलं नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

जनरेटरचा विषय काढला तर रात्र जाईल. तो मिळतो, पण जोडायचा कसा हे सांगणारं एक मासिक वाचल्याशिवाय जोडता येत नाही, नाहीतर सुरुवातीलाच इलेक्ट्रिशियन व्हायचं. वजन ४० म्हणजे दोन्ही हातात धरून लंगडत न्यायचा. आणि घरात ठेवून चालू केला की धुरानं रात्रीत खलास. तसा पण गेलोय मी. असो.

मधे एक ऐकलेली गोष्ट. हा गेम बनवणारे ब्रिटिश लोक आहेत, २०११ मध्ये त्यांच्याच घरी चोरी झाली आणि गेमचा कोड असलेले लॅपटॉप गेले, बरंच काम गेलं त्याच्यासोबत. लुटीचा गेम बनवणाऱ्यालाच लुटलं. तरी परत बसून बनवलाच, २०१३ ला स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साइटवर आला आणि अजून तिथं अर्ली ॲक्सेसच, म्हणजे काम चालू आहे असंच लिहिलेलं आहे.

तर मागच्या महिन्यात मिसळ खाता खाता मावसभावानं विषय काढला की हेच नाशिकमध्ये झालं तर पहिली लूट कुठं. तो लगेच म्हणाला, "कॉलेज रोड, सगळी दुकानं तिथंच." म्हटलं भावा, संध्याकाळी नुसतं स्कूटर लावायला जागा नसते तिथं, मेल्यावर तीच गर्दी उभी असणार. कुणीतरी देवळाली म्हणालं, तोफखान्याचं केंद्र, हत्यारं. हेच तर सगळे म्हणतात, म्हणून तिकडं जायचं नाही, आणि तोफ घेऊन मी राहणार कुठं. मी म्हटलं भांडी बाजार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अरे तांब्या-पितळेची एवढी भांडी, पाणी भरायला, उकळायला, गंगा म्हणजे आमची गोदावरी शेजारी. फक्त जुन्या नाशकातले बोळ बेकार, एका बाजूनं शिरलात आणि समोरून चार आले की संपलं, आणि वाड्याचे जिने काळोखे. म्हणून पहाटे, एकट्यानं, दोन फेऱ्या, तिसरी नाही. खायला? चिवडा. हलका, आठवडे टिकतो, ओपनर लागत नाही. वर बेदाणे. आणि नाशिकरोडला नोटा छापतात तिथं कुणी फिरकणार पण नाही, झॉम्बॉइडमध्ये पण पाकिटातले पैसे लोक तसेच टाकून पुढं जातात. मिसळवाल्या काकांनी मधेच विचारलं, "पाव आणू का अजून?" आणि बाजूच्या टेबलावरचे आजोबा आम्हाला पोलिसात द्यावं का या विचारात होते बहुतेक.

आता शनिवारचं. गेममधल्या मल्ड्रॉ गावात एक चांगलं घर धरलं होतं, खिडक्यांना फळ्या, आत चादरी, पाणी भरलेलं, सगळं आईच्या मनासारखं. कुणाच्या तरी अंगणात चावीसकट एक गाडी मिळाली होती, ती फाटकाशी. चौदाव्या दिवशी लाईट गेली. फ्रिजमधलं संपवत संपवत अठराव्या दिवसापर्यंत आलो, मग कपाट उघडलं, बावीस कॅन, म्हटलं चला, आता महिनाभर राजा. आणि ओपनर नाही. मी माझ्या नियमाप्रमाणे वहीत सगळा स्टॉक लिहितो (हो, लिहितो, जुन्या बिन कार्डांच्या कोऱ्या बाजूवर), त्यात ओपनरची ओळच नव्हती. किचन पालथं घातलं, बॅग पालथी घातली. नाही. मग आजूबाजूची घरं काढली, अकरा किचन, काटे आहेत, चमचे आहेत, लाटणं आहे, ओपनर एक नाही.

बाराव्या घरात पोचेपर्यंत संध्याकाळ. पोटात काही नाही, अंगात ताकद नाही, आणि वाटेत मिळालं म्हणून मी पाठीवर काय घेतलं होतं तर हातोडा, खिळ्यांची दोन खोकी, एक करवत आणि कुठल्याशा गॅरेजमधली कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांची गुंडाळी. पिंप बनवायला लागतात त्या, म्हणून सोडवेना. किचनचे तीन ड्रॉवर झाले, चौथा उघडताना मागं बाथरूमचं दार होतं ते मी आधी बघितलंच नव्हतं. बंद दाराला आधी कान द्यायचा, हे मी नव्या पोरांना सांगतो. ते फुटलं आणि तिघं बाहेर. एवढ्या ओझ्यानं पळता येईना. बॅग टाकली असती तर सुटलो असतो. टाकली नाही. मानेला चावला. ओरखड्यात शंभरात सात वेळाच लागण होते, चाव्याला माफी नाही, पण तिथपर्यंत वेळच आली नाही.

रविवारी त्याच जगात नवीन माणूस घेऊन सुरू केलं, तसं करता येतं, जुनं घर, जुना माल सगळा तिथंच असतो, आणि तुम्ही स्वतः पण असता, झॉम्बी होऊन. बाराव्या घराजवळ रस्त्यावर दिसलो मी मला. तीच डफल पाठीवर, तोच चेक्सचा शर्ट. विचित्र वाटतं. डोक्यात तीन घातले तेव्हा पडलो. खिशात गाडीची चावी होती, बॅगेत खिळे, पिशव्या, आणि हो, दोन कॅन. उपाशीपोटी दोन कॅन घेऊन फिरत होतो मी.

चावी घेऊन फाटकापाशी आलो, गाडीत बसलो, आणि सवयीनं डॅशबोर्डचा कप्पा उघडला. बॅटरीची टॉर्च, सुतळी, एक ओपनर.

मग आठवलं. सातव्या दिवशी गेममधलं एक हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालत होतं आणि सगळी आळी माझ्या मागं लागली होती, तेव्हा बॅग हलकी करायला हाताला येईल ते त्या कप्प्यात कोंबलं होतं. गाडीतला माल मी कधी मोजलाच नाही. कंपनीत पण टेम्पोत राहिलेला माल असाच निघतो मार्च एंडला, आणि मी ड्रायव्हरला बोलतो त्यावरून.

तिथंच गाडीत बसून दोन्ही कॅन उघडले. थंडच खाल्ले.