तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी हवा असून काइट पिशवीतच का?

“भाऊ, इतकी मस्त हवा सुटून राहिली, अन् तुम्ही गुंडाळून चालले?”

नागपूरला काटोल रोडच्या पुढे एका पडीक माळावर मी पॉवर काइट, म्हणजे माणसाला ओढून नेईल एवढा मोठा कापडी पतंग, उडवतो, आणि हा प्रश्न तिथे मला जवळजवळ दर रविवारी येतो. बकऱ्या चारणारे काका विचारतात, बाइक थांबवून बघणारी पोरं विचारतात. नुकताच काइट घेतलेले लोक फोन करून विचारतात, की वारा फार झाला हे ठरवायचं कसं?

वारा किती चढतो ते मी नंतर बघतो. आधी तो किती पडतो ते बघतो.

आपल्याकडे पतंग कुणाला शिकवावा लागत नाही. संक्रांतीला गच्चीवर झोत आला की ढील द्यायची, हवा पडली की भराभर ओढून घ्यायची, हे बोटांना लहानपणापासून ठाऊक असतं. पॉवर काइटला ढीलच नसते. चक्री नाही, दोऱ्या ठरलेल्या लांबीच्या, माझ्या पंचवीस मीटरच्या. दोन हातांत दोन हँडल, त्यांना चार दोऱ्या, आणि वर तीन चौरस मीटरचं कापड, जे पुढच्या तोंडातून हवा भरून घेऊन फुगतं. ढील देऊन जिरवायचा झोत इथे सरळ तुमच्या खांद्यांत उतरतो.

आणि ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. माझ्या वहीतले दोन दिवस सांगतो. एका दिवशी वारा ताशी 14 ते 20 किलोमीटरमध्ये फिरत होता. दुसऱ्या दिवशी 8 ते 24. सरासरी दोन्हीकडे सोळा-सतराच. पण पहिल्या दिवशी झोतातली ओढ पडत्या वाऱ्यातल्या ओढीच्या दुप्पट होती, आणि दुसऱ्या दिवशी नऊपट. म्हणून फोनवरचा एकच आकडा बघून माळावर यायचं नाही.

पण खरा धोका नऊपट ओढीच्याही आधी सुरू होतो, वारा पडतो तेव्हा. काइट डोक्यावर असताना हवा अचानक गेली की तो थोडा पुढे, वाऱ्याच्या तोंडाकडे सरकतो, त्यातली हवा निघून जाते आणि रुमालासारखा चुरगळून खाली यायला लागतो. दोऱ्या सैल पडतात, हातात काहीच लागत नाही. तेवढ्यात पुढचा झोत येतो. कापड भरतं, पण आता ते डोक्यावर नसतं, तुमच्या समोर, खाली, जिथे ओढ सगळ्यात जास्त असते तिथे असतं. आणि भरतं ते एकदम.

मला हे एका मार्चमध्ये कळलं. दुपारचे चार वाजले होते, दोन आठवडे वाराच नव्हता आणि मला उडवायचंच होतं. सोबत भाचा होता. तो म्हणाला, “मामा, घारी बघा ना.” दोन घारी पंख न हलवता गोल गोल वर चढत होत्या. मी बघितलं आणि तरी काइट उचलला. तो चुरगळला तेव्हा दोऱ्या ताणायला मी चार पावलं मागे गेलो, आणि तो भरला. मी तोंडावर पडलो आणि कोरड्या गवतातून फरफटत गेलो. मनगटाला पट्टे होते. हँडल सोडली असती तर पट्ट्यांनी ब्रेकच्या, म्हणजे कापडाच्या मागच्या कडेच्या, दोऱ्या ओढून काइटमधली ताकद तिथेच काढून टाकली असती. पण ओढ बसली की मूठ घट्ट होते, उघडत नाही. सोडेपर्यंत उजवा खांदा निखळला होता. आता जमिनीवरच, काइट न उघडता, हँडल सोडण्याचा सराव मी प्रत्येकाकडून करून घेतो.

घारी चढत होत्या, म्हणजे तापलेली हवा जमिनीवरून उठत होती. ती जागा भरायला आजूबाजूची हवा धावते, कधी या बाजूने, कधी त्या. आपल्या उन्हाळ्यात सकाळी दहापासून ऊन कलेपर्यंत हाच खेळ चालतो. वावटळ दिसायलाच हवी असं नाही, घारी पुरतात. म्हणून मार्च ते मे मी एकतर अगदी सकाळी जातो नाहीतर संध्याकाळी. मे महिन्यात आणखी एक बघायचं. पश्चिमेला ढग काळा झाला आणि वारा एकदम पडला, की उभंही राहायचं नाही. ढगातून कोसळलेली थंड हवा पावसाच्या कितीतरी आधी येऊन धडकते.

गावातल्या मैदानांचं मला कुणी विचारू नये असं वाटतं, पण विचारतात. कस्तुरचंद पार्क मोठं आहे, तरी भोवती इमारती आणि झाडं. अडथळ्याच्या उंचीच्या सात ते दहापट अंतरापर्यंत त्याच्यामागची हवा गढूळ असते. दहा मीटरच्या झाडामागे शंभर मीटर सोडायचे, तर उरतं किती?

काही जण विमानतळाच्या हवामान अहवालाचा दाखला देतात: त्यात झोत लिहिलेलेच नाहीत! पण झोत सरासरीपेक्षा किमान 10 नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, जास्त असेल तरच त्या अहवालात येतो. विमानासाठी ते बरोबर आहे. आपल्या खांद्यासाठी त्याच्या निम्मा फरकसुद्धा भारी.

म्हणून मी वारामापक डोक्याच्या उंचीवर धरून पाच मिनिटं उभा राहतो. पाच म्हणजे पाच. सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहान आकड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल, तर पिशवी उघडत नाही. बांबूला एक चिंधी बांधलेली असते. ती सारखी दिशा बदलत असेल, तर आकडे चांगले असले तरी नाही. “मग लहान काइट काढा ना,” असं सुचवतात. लहान काइटने ओढ कमी होते हे खरं, आणि जोराच्या पण एकसारख्या वाऱ्यात मी तेच करतो. पण पडलेल्या हवेत लहान काइटही चुरगळतोच, आणि तोही समोरच भरतो.

मागच्या रविवारी पाच वाजता आकडे होते 9 आणि 21. आम्ही बाभळीखाली बसून चिवडा खाल्ला. बकऱ्यावाले काका येऊन बसले, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि या वेळी भाच्याने उत्तर दिलं. सहाला त्याने पुन्हा मोजलं: 11 आणि 15. घारी उतरल्या होत्या, चिंधी एकाच बाजूला होती. तीन मीटरचा काढला.